झोळी किती जोरात ओढावी? – एका स्प्रिंगचे साधे गणित

आपल्या घरात बाळ आले की छताच्या कडीला झोळीची स्प्रिंग लागते. स्प्रिंगच्या खालच्या आकड्याला दादीची धुऊन धुऊन मऊ झालेली सुती साडी, मध्ये लाकडी दांडी आणि झोळीला बांधलेली एक दोरी. अम्मी भाकरी थापता थापता ती दोरी ओढते, तिचे हात गुंतले की फुफी ओढते, आणि शाळेतून आलेला मोठा भाऊ दप्तर टाकून सर्वांत जोरात ओढतो. बाळाचे रडणे वाढले की ओढण्याचा जोरही वाढतो. जोरात ओढले की झोळी भराभर हलेल आणि बाळ लवकर झोपेल, असे सगळ्यांनाच वाटते.

यातला पहिला भाग खरा नाही. स्प्रिंगची झोळी जोरात ओढल्याने भराभर हलत नाही. एका मिनिटात तिचे जेवढे हेलकावे व्हायचे तेवढेच होतात, मग दोरी दोन बोटे ओढा की वीतभर ओढा. जास्त ओढल्याने वाढतो तो फक्त बाळाला बसणारा हिसका.

हे ऐकून पालकसभेत बायका आमच्याकडे अविश्वासाने पाहतात. त्यांचे बरोबरच आहे, कारण डोळ्यांना झोळी जोरात गेलेली दिसते. म्हणून या लेखात आम्ही हे गणित नीट मांडणार आहोत. त्यासाठी एक झोळीची स्प्रिंग, काही किलो तांदूळ, मोजपट्टी आणि मोबाइलमधले घड्याळ एवढेच लागेल. बारावीच्या पदार्थविज्ञानात ज्या धड्याचे नाव ऐकूनच मुले धास्तावतात, तो धडा हाच आहे.

दूर नेले तरी वेळ तेवढाच

झोळी स्थिर लोंबत असताना बाळाचे वजन तिला खाली ओढत असते आणि ताणलेली स्प्रिंग वर खेचत असते. दोन्ही जोर सारखे असतात, म्हणून झोळी एका जागी थांबते. या जागेला आपण ठिकाणा म्हणू.

आता दोरी ओढून झोळी ठिकाण्यापासून २ सेंमी खाली नेली. स्प्रिंग जास्त ताणली गेली, तिचा वर खेचण्याचा जोर वजनापेक्षा वाढला आणि सोडताच झोळी वर निघाली. ठिकाण्यावर आली तेव्हा दोन्ही जोर पुन्हा सारखे झाले, पण तोवर तिला वेग आलेला असतो. ती थांबत नाही, पुढे वर जाते. वर गेल्यावर स्प्रिंगचा जोर वजनापेक्षा कमी पडतो, झोळी मंदावते, क्षणभर थांबते आणि खाली येऊ लागते. खालून वर आणि वरून पुन्हा खाली, असा एक पूर्ण हेलकावा झाला.

आता झोळी २ ऐवजी ४ सेंमी खाली नेऊ. अंतर दुप्पट झाले, म्हणून जास्त वेळ लागेल असे वाटते. पण स्प्रिंगचा एक गुण आहे. तिला जितके जास्त ताणावे तितक्याच पटीने तिचा परत खेचणारा जोर वाढतो. ४ सेंमीवर तो जोर २ सेंमीच्या मानाने दुप्पट असतो. जोर दुप्पट म्हणून वाटेतल्या प्रत्येक टप्प्यावर वेगही दुप्पट. अंतर दुप्पट आणि वेगही दुप्पट, म्हणजे लागणारा वेळ तेवढाच. तिप्पट ओढले तर दोन्ही तिप्पट. वेळ हलत नाही.

झोळी जोरात गेलेली दिसते हे खरेच आहे, तिचा वेग वाढलेला असतो. पण तो वाढलेला वेग वाढलेले अंतर कापण्यातच खर्च होतो.

मग हा वेळ ठरतो कशावर? फक्त दोन गोष्टींवर. एक, झोळीत एकूण वजन किती आहे. दोन, स्प्रिंग किती कडक आहे. स्प्रिंग कडक असेल तर हेलकावे भराभर होतात, कारण परत खेचणारा जोर मोठा असतो. वजन जास्त असेल तर हेलकावे संथ होतात, कारण जड वस्तू हलायला आणि थांबायला वेळ घेते.

इथे एक बारकावा आहे. वजन चौपट केले तर वेळ चौपट होत नाही, दुप्पट होतो. जोर तेवढाच आणि वस्तू चौपट जड, म्हणून तिचा वेग एक चतुर्थांश दराने वाढतो. पण स्थिर जागेवरून निघालेली वस्तू दुप्पट वेळात सुमारे चौपट अंतर कापते, कारण वाटेत वेग वाढतच असतो. त्यामुळे दुप्पट वेळात ती कसर भरून निघते. गणिताच्या भाषेत, वेळ वजनाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो.

पाचाचा नियम

आता प्रत्यक्ष करून पाहू. झोळीतून बाळाला काढून घ्यावे आणि साडीही सोडून ठेवावी. हा प्रयोग तांदळाच्या पिशव्यांवर करायचा आहे, बाळावर नाही.

आधी स्प्रिंगचा कडकपणा मोजू. आकड्याला ५ किलोची पिशवी टांगा आणि पिशवीचा तळ भिंतीवर कुठे येतो तिथे खडूने खूण करा. आणखी ५ किलो अडकवा आणि दुसरी खूण करा. दोन खुणांमधले अंतर मोजा आणि त्याला ५ ने भागा. समजा अंतर १५ सेंमी आले, तर तुमची स्प्रिंग दर किलोमागे ३ सेंमी वाढते. रिकामी स्प्रिंग आणि पहिली पिशवी यांतले अंतर मुद्दाम घेतलेले नाही. झोळीच्या बऱ्याच स्प्रिंगांची वेटोळी कारखान्यातच एकमेकांना घट्ट चिकटवून गुंडाळलेली असतात, आणि ती उघडायलाच थोडे वजन खर्च होते.

आता नियम. झोळीतले एकूण किलो गुणिले दर किलोची वाढ. जी संख्या येईल तिचे वर्गमूळ काढा. त्याला ५ ने भागा. उत्तर आले ते एका हेलकाव्याचे सेकंद.

आपल्या स्प्रिंगवर ३ किलो टांगले तर ३ गुणिले ३ म्हणजे ९. वर्गमूळ ३. भागिले ५, म्हणजे ०.६ सेकंद. १२ किलो टांगले तर १२ गुणिले ३ म्हणजे ३६, वर्गमूळ ६, भागिले ५, म्हणजे १.२ सेकंद. वजन चौपट, वेळ दुप्पट.

एक हेलकावा मोजायला गेलो तर बोट पुढेमागे होते, म्हणून सलग २० मोजा. ३ किलोला सुमारे १२ सेकंद आणि १२ किलोला सुमारे २४ सेकंद लागायला हवेत. मग हेच पुन्हा करा, पण एकदा पिशवी २ सेंमी ओढून सोडा आणि एकदा ४ सेंमी. वेळ तोच येतो का ते मुलांनाच पाहू द्या. मोजताना वेटोळी वरच्या टोकाला एकमेकांवर आपटणार नाहीत एवढाच हेलकावा ठेवावा, नाहीतर उत्तर चुकते. उत्तर थोडे जास्त आले तर बिचकू नये. स्प्रिंगलाही स्वतःचे वजन असते आणि त्याचा साधारण तिसरा हिस्सा टांगलेल्या वजनात मिळवावा लागतो.

हा ५ कुठून आला? पुस्तकातले सूत्र असे आहे: दोलनकाल म्हणजे दोन पाय गुणिले वस्तुमान भागिले कडकपणा यांचे वर्गमूळ. हा ‘पाय’ म्हणजे वर्तुळाच्या धड्यातला ३.१४. दोन पाय म्हणजे ६.२८. पृथ्वीचे गुरुत्वत्वरण सेंटिमीटरमध्ये सुमारे ९८०, आणि त्याचे वर्गमूळ साधारण ३१.३. आता ६.२८ ला ३१.३ ने भागले की येते ०.२, म्हणजे एक पंचमांश. पुस्तकातले सूत्र आणि आपला पाचाचा नियम एकच आहेत.

बाळाला हिसका किती बसतो?

आता तांदूळ बाजूला ठेवून बाळाकडे येऊ. समजा बाळ ३ किलोचे आहे आणि साडी, दांडी मिळून १ किलो. एकूण ४ किलो, वाढ १२ सेंमी. १२ चे वर्गमूळ सुमारे ३.४६, म्हणून एक हेलकावा ०.६९ सेकंदाचा. मिनिटाला सुमारे ८७ हेलकावे. तेच बाळ ९ किलोचे झाले की एकूण १० किलो, वाढ ३० सेंमी आणि हेलकावा १.१ सेकंदाचा. मिनिटाला सुमारे ५५. बाळ मोठे होत जाते तशी झोळी आपोआप संथ होत जाते.

हिसक्याचा हिशेब याहून सोपा आहे. दोरी ठिकाण्यापासून जितके सेंमी खाली ओढली त्याला वर काढलेल्या वाढीने भागा. आपल्या ४ किलोच्या झोळीची वाढ १२ सेंमी आहे. ती ३ सेंमी ओढली, तर ३ भागिले १२ म्हणजे पाव. प्रत्येक हेलकाव्यात खालच्या टोकाला बाळाच्या अंगाला स्वतःचे वजन सव्वापट जाणवते आणि वरच्या टोकाला पाऊणपट. ६ सेंमी ओढली तर दीडपट आणि निम्मे. हे मिनिटाला ८७ वेळा. १२ सेंमी ओढली तर वरच्या टोकाला बाळ क्षणभर पूर्ण अधांतरी होते आणि खालच्या टोकाला दुप्पट वजनाने दाबले जाते. त्याहून जास्त ओढली तर वरच्या टोकाला झोळी सैल पडते आणि पुढच्या क्षणी झटक्याने ताणली जाते.

आता १० किलोच्या झोळीकडे पाहा. तिची वाढ ३० सेंमी. ती ३ सेंमी ओढली तर हिसका फक्त एक दशांश. एकच स्प्रिंग, दोरीही तेवढीच ओढली, आणि तरी तान्ह्या बाळाला बसणारा हिसका वर्षाच्या बाळाच्या अडीच पट. म्हणजे ज्याची मान अजून धरत नाही त्यालाच जास्त. थोरल्या मुलाच्या वेळी ओढत होतो तेवढेच तर ओढतो आहोत, असे म्हणणाऱ्या आजीबाईंनी हे एवढे ध्यानात घ्यावे.

तान्ह्या बाळाला जोरजोराने हलवणे त्याच्या मेंदूला धोक्याचे असते, हे डॉक्टर सांगतातच. झोळीपुरते बोलायचे तर दोन बोटांची हलकी ओढ पुरे. ती मिनिटाला तेवढेच हेलकावे देते. बाळ झोपले की त्याला सपाट, टणक बिछान्यावर पाठीवर निजवावे. झोळीत अंग वाकते, हनुवटी छातीला टेकते आणि तान्ह्या बाळाचा श्वास कोंडू शकतो. बाळ कुशीवर वळू लागले किंवा उठून बसू लागले की झोळी उतरवायची वेळ झाली.

स्प्रिंगची हद्द

जितका ताण तितका जोर, हा नियम इंग्लंडच्या रॉबर्ट हूक यांनी मांडला. १६७६ साली त्यांनी तो छापला, पण सरळ वाक्यात नाही. त्या लॅटिन वाक्यातली सगळी अक्षरे त्यांनी वर्णक्रमाने लावून एक कोडे म्हणून छापली. शोध आपला आहे हे नोंदले जावे, पण दुसऱ्या कोणाच्या हाती लागू नये, यासाठी त्या काळी असे करत. १६७८ मध्ये त्यांनी कोड्याचे उत्तर दिले. आजही हा नियम त्यांच्याच नावाने शिकवला जातो. किराणा दुकानात किंवा भंगारवाल्याकडे दिसणारा ताणकाटा याच नियमावर चालतो. त्याच्या पट्टीवरच्या खुणा सारख्या अंतरावर असतात, कारण दर किलोला वाढ सारखीच असते.

पण या नियमाला हद्द आहे. स्प्रिंग एका मर्यादेपलीकडे ताणली की ती मूळ लांबीवर परत येत नाही. घरात हे कसे होते? बाळाच्या झोळीत थोरली बहीण बसते, किंवा पाहुण्यांची दोन मुले लोंबकळतात. स्प्रिंग तुटत नाही, म्हणून कोणी लक्ष देत नाही. पण तिचे पोलाद आतून थकलेले असते.

म्हणून महिन्यातून एकदा स्प्रिंग उतरवून पाहावी. वजन नसताना वेटोळ्यांमध्ये पूर्वी नसलेली फट दिसते का? एखादे वेटोळे वाकडे झाले आहे का? आकड्याच्या वळणाशी गंज किंवा बारीक चीर आहे का? सर्वांत जास्त ताण त्या वळणावरच येतो. यातले एकही चिन्ह दिसले तर स्प्रिंग टाकून द्यावी. कितीही चांगली स्प्रिंग असली तरी वरच्या कडीपासून झोळीच्या दांडीपर्यंत एक मजबूत दोर किंवा साखळी ढिली बांधून ठेवावी. रोजच्या हेलकाव्यात ती ताणली जाऊ नये एवढी लांब, आणि स्प्रिंग तुटलीच तर बाळ जमिनीवर आदळायच्या आत झोळीला धरेल एवढी आखूड.

जिथे वजनच नाही, तिथे वजन कसे करायचे?

अंतराळात तराजू चालत नाही. ताणकाट्याला माणूस टांगला तरी स्प्रिंग तसूभर वाढणार नाही, कारण तिथे तो खाली ओढलाच जात नाही. पण अनेक आठवडे अंतराळात राहणाऱ्या माणसाचे शरीर झिजते आहे का, हे डॉक्टरांना कळणे गरजेचे असते.

१९७३ साली अमेरिकेने ‘स्कायलॅब’ नावाचे अंतराळस्थानक पाठवले, तेव्हा त्यात यासाठी एक खुर्ची होती. खुर्ची स्प्रिंगवर बसवलेली. अंतराळवीराने हातपाय आखडून घट्ट बसायचे, पट्टे आवळायचे आणि खुर्ची सोडायची. ती पुढेमागे हलू लागली की विजेचे घड्याळ एका हेलकाव्याचा वेळ मोजायचे. वेळ जास्त लागला तर माणूस जड, कमी लागला तर हलका. अंग घट्ट आखडायचे कारण असे की सैल बसले तर शरीराचे भाग आपापले वेगळे हलतात आणि वेळ चुकतो.

हुशार मुलगी इथे विचारेल, की आपल्या पाचाच्या नियमात तर ९८० होते, म्हणजे पृथ्वीची ओढ होती. मग अंतराळात हे कसे चालते? प्रश्न अगदी बरोबर आहे. पृथ्वीची ओढ आपण फक्त स्प्रिंगचा कडकपणा मोजायला वापरली. हेलकाव्याच्या वेळाशी तिचा संबंध नाही. चंद्रावर झोळी बांधली तर ती एक षष्ठांशच खाली येईल, पण हेलकाव्याला वेळ तेवढाच लागेल. लंबकाचे मात्र असे नाही. भिंतीवरचे लंबकाचे घड्याळ चंद्रावर संथ चालेल, आणि मनगटावरचे चावीचे घड्याळ ठीक चालेल, कारण त्याच्या आत केसासारखी बारीक स्प्रिंग आहे.

स्कूटर आणि इमारत

झोळी ओढून सोडली की हेलकावे हळूहळू लहान होत थांबतात. हवा आणि स्प्रिंगच्या आतले घर्षण त्यांना थांबवते. पण ते सावकाश थांबवते, आणि स्कूटरला तेवढा वेळ परवडत नाही. म्हणून स्कूटरच्या स्प्रिंगच्या आत तेलाची नळी असते. खड्ड्यात उसळलेली गाडी वर जाते तेव्हा दट्ट्याला बारीक छिद्रातून तेल ढकलावे लागते आणि हेलकाव्याची ताकद तिथेच खर्च होते. गॅरेजमध्ये या जोडणीला शॉकअप म्हणतात. स्कूटर मागून दाबून सोडा. एकदा वर येऊन ती शांत झाली तर शॉकअप ठीक आहे. तीन-चार वेळा डोलत राहिली, किंवा नळीवर तेलाचा ओघळ दिसला, तर तेल गळाले आहे. अशा गाडीवर मागे अम्मी आणि पुढे लहान मूल बसवून खड्ड्यांतून जाणे बरे नाही. उसळणारे चाक रस्ता सोडते आणि सुटलेल्या चाकाला ब्रेक लागत नाही.

याउलट, थांबण्यापूर्वीच प्रत्येक हेलकाव्याला नेमक्या वेळी एक हलका धक्का देत राहिलो तर? मग लहान लहान धक्के साठत जातात आणि हेलकावा मोठा होत जातो. मिनिटभर दोन बोटांनी ओढूनही झोळी जोरात जाऊ लागते ती यामुळेच. म्हणून ती मोठी होऊ लागली की हात थांबवावा. या साठण्याला अनुस्पंदन म्हणतात.

इमारतही एका अर्थाने स्प्रिंगवरचे वजन आहे. मजले हे वजन आणि खांब ही स्प्रिंग. ती आडवी डोलते एवढाच फरक. तिलाही स्वतःचा ठरलेला वेळ असतो. ढोबळ हिशेबाने मजल्यांच्या संख्येला १० ने भागले की तो सेकंदांत मिळतो. दहा मजली इमारत साधारण एका सेकंदात एक हेलकावा घेते.

१९ सप्टेंबर १९८५ रोजी मेक्सिको देशाच्या किनाऱ्याजवळ मोठा भूकंप झाला. राजधानी मेक्सिको सिटी तिथून साडेतीनशे किलोमीटरहून जास्त दूर. पण शहराचा बराच भाग जुन्या तलावाच्या मऊ गाळावर वसलेला आहे. तो गाळ सुमारे दोन सेकंदांच्या तालात हलत राहिला. साधारण सहा ते पंधरा मजल्यांच्या इमारतींना त्याचा सर्वांत जास्त फटका बसला. त्यांचा स्वतःचा वेळ त्या तालाच्या जवळ होता, आणि तडे जाऊन खांब कमजोर झाले तसा तो आणखी लांबून त्यात मिसळला. त्याच भागातली कित्येक बैठी घरे आणि काही उंच मनोरे उभे राहिले. हजारो माणसे दगावली.

तैवानमधील ५०८ मीटर उंच ‘तैपेई १०१’ या इमारतीत यावर उपाय म्हणून वरच्या मजल्यांमध्ये ६६० टनांचा पोलादी गोळा जाड तारांनी टांगला आहे. वाऱ्याने इमारत एकीकडे झुकू लागली की गोळा मागे राहतो आणि तेलाच्या नळ्यांमधून तिची डोलण्याची ताकद शोषून घेतो. तत्त्व स्कूटरच्या शॉकअपचेच.

आपल्या राज्याने ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा आणि ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप पाहिला आहे. फ्लॅट घेताना आपण फरशी पाहतो, नळाला पाणी पाहतो. तळमजल्यावर फक्त बारीक खांब आणि मोकळे पार्किंग असेल, तर तो मजला म्हणजे साखळीतली सर्वांत नरम स्प्रिंग. इमारत हलली की सगळा वाकणे-ताणणे त्याच एका मजल्यावर येते. इमारतीचा आराखडा ‘आयएस १८९३’ या भूकंपविषयक भारतीय मानकाप्रमाणे केला आहे का, हे बिल्डरला विचारावे आणि कागद मागावा.

शब्दांची भीती

उर्दू किंवा मराठी माध्यमातून दहावी झालेली मुले-मुली अकरावीत विज्ञानाला बसतात तेव्हा पुस्तक इंग्रजी असते. ‘सिंपल हार्मोनिक मोशन’ हे तीन शब्द पाहूनच काही जण शाखा बदलायचा विचार करतात. आम्ही हे दरवर्षी पाहतो. मुलींच्या बाबतीत घरचेही लगेच म्हणतात, झेपत नसेल तर सोड.

झेपत नाही ते विज्ञान नसते, ते फक्त शब्द असतात. आणि आपल्या मुलांकडे तर दोन भाषांचे शब्द आहेत. हेलकाव्याला मराठीत दोलन म्हणतात, डोलण्याच्या जवळचा शब्द. एका सेकंदात किती वेळा, याला मराठीत वारंवारिता म्हणतात, म्हणजे वारंवार होणे. उर्दूत त्यालाच तअद्दुद म्हणतात आणि तो शब्द अदद, म्हणजे संख्या, यातून आला. एका हेलकाव्याचा वेळ तो दोलनकाल. ठिकाण्यापासून किती दूर गेले तो मराठीत आयाम आणि उर्दूत हैता. इंग्रजी पुस्तकात याच गोष्टी फ्रिक्वेन्सी, पिरियड आणि ॲम्प्लिट्यूड या नावांनी भेटतात. शब्द तीन, पण टांगलेली पिशवी एकच.

एका शब्दाशी मात्र सांभाळावे. उर्दूत गतीला हरकत म्हणतात आणि मराठीत हरकत म्हणजे आक्षेप. उर्दू शाळेतून मराठी वर्गात आलेल्या मुलाने ‘स्प्रिंगची हरकत’ म्हटले की वर्ग हसतो. तेव्हा शिक्षकाने दोन्ही अर्थ फळ्यावर लिहावेत. दोन भाषा येणे ही अडचण नाही, हे त्या मुलाला तिथेच कळते.

सरल हरात्मक गती, सादा हार्मोनिक हरकत किंवा सिंपल हार्मोनिक मोशन, नाव कोणतेही घ्या. अर्थ इतकाच, की ठिकाण्यापासून जितके दूर न्याल तितक्याच पटीने परत खेचणारा जोर, आणि म्हणून प्रत्येक हेलकाव्याला सारखाच वेळ. परीक्षेत व्याख्या विचारली तर हेच वाक्य इंग्रजीत लिहायचे असते.

येत्या रविवारी दुपारी बाळ बिछान्यावर निजले असताना स्प्रिंग रिकामी असेल. घरातल्या नववी-दहावीच्या मुलीच्या हाती मोजपट्टी द्या, धाकट्याला हेलकावे मोजायला बसवा आणि दादीला मोबाइलचे घड्याळ धरायला सांगा. आधी वहीत उत्तर काढायचे, मग मोजायचे. मोजून झाल्यावर स्प्रिंगच्या आकड्याची वळणे नीट तपासा, मगच झोळी पुन्हा बांधा.